न चाखलेलं सूप

उपास करावा तर माझ्यासारखा, असं मी स्वतःच म्हणते, कारण दुसऱ्या कुणी म्हणायची सोयच नाही. प्रभूने सांगून ठेवलंय, उपास करताना तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, कुणाला कळू देऊ नका. म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या दर शुक्रवारी मी संध्याकाळपर्यंत नुसत्या पाण्यावर असते, वर दोनशे कामगारांचा स्वयंपाकही करते. अगदी नवऱ्यालाही पत्ता नाही.

कारखान्याच्या कँटीनमध्ये आम्ही दोघीच, मी आणि माझी धाकटी नणंद. घरात तिला चिमणी म्हणतात, पण भरलेलं पातेलं ती एकटी उतरवते. चर्चच्या गायनमंडळात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, वहिनी वरचा सूर लावते तेव्हा देवदूत कानांत बोटं घालतात. सगळे खो खो हसले. मी मंडळ सोडलं आणि तिच्याशी बोलणंही टाकलं. सात आठवडे एकाच ओट्यावर काम, पण दोघींच्या तोंडाला कुलूप. तिने आपण होऊन माफी मागेपर्यंत मी हलणार नव्हते. हट्टात माझा हात कुणी धरणार नाही.

त्यात कँटीनचंच काही खरं नव्हतं. जेवणाबद्दल दोन तक्रारी गेल्या होत्या. उपवासकाळाच्या पहिल्याच शुक्रवारी मॅनेजर स्वतः जेवायला बसणार होते. पसंत पडलं नाही तर सोमवारपासून बाहेरून डबे येणार आणि आम्ही दोघी घरी.

मी वाटाण्याचं सूप चढवलं. चिमणी पाव आणायला गेली होती तेवढ्यात अंदाजाने मीठ टाकलं. मी चाखलं नाही, पण त्याची काळजी नव्हती. दरवर्षी या शुक्रवारी चव चिमणीच बघायची. ती परत आली तेव्हा मी मागे भांडी काढत होते.

दुपारची पाळी भरायच्या आधी वॉचमन नेहमीसारखा वाटी घेऊन आला. पहिला घोट घेऊन त्याने डोळे मिटले आणि सूप समुद्रावरून आणलंय का म्हणून विचारलं. वाटी ठेवून तो नुसता पाव घेऊन गेला.

"तू मीठ टाकलंस?" सात आठवड्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य हे.

"टाकलं. तुझं राहिलं असेल असं वाटलं."

"मग चाखायचं तरी."

"तू का नाही चाखलंस?"

"मी शुक्रवारी चाखत नाही," माझ्या तोंडून निसटलं.

चिमणीने पातेल्याखालचा गॅस बारीक केला. मग हळूच म्हणाली, "या वर्षीपासून मीही."

कशासाठी, असं मी विचारलं. खरं तर असं विचारू नये.

"माझ्या जिभेला लगाम लागावा म्हणून," ती म्हणाली. "वहिनी, तुझी माफी रोज ओठांवर येते. पण तोंड उघडलं की थट्टाच बाहेर पडेल, या भीतीने गप्प बसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सकाळी मीही गुडघे टेकले होते, पण मागणं एकच होतं: चिमणीने नाक घासत यावं. त्यासाठी मी पोटाला चिमटा घेत होते आणि वर स्वतःची पाठ थोपटत होते.

पाऊण तास उरला होता. अर्धं सूप काढून टाकायचं, बटाटे आणि पाणी घालायचं आणि कुणीतरी पुन्हा पुन्हा चाखायचं, दुसरा इलाज नव्हता. चिमणीने चमचा उचलला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"माझा उपास मोडू दे," मी म्हटलं. "तुझा चांगला आहे."

तिने का म्हणून विचारलं तेव्हा मी माझं मागणं जसंच्या तसं सांगितलं आणि माफीही मागितली. चिमणी आधी रडली, मग काहीतरी बोलायला तोंड उघडून तिने पटकन ओठ मिटले. मी नऊ वेळा चाखलं. दहाव्या वेळी गरज नव्हती, पण भूक चाळवली होती.

मॅनेजरनी दोन वाट्या संपवल्या आणि सोमवारीही हेच करा म्हणाले. जाता जाता त्यांनी चिमणीपुढे ताट सरकवलं. तुम्हीही बसा, सकाळपासून उभ्या आहात, असा त्यांचा आग्रह. चिमणीला खोटं बोलता येत नाही. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी ते ताट माझ्यापुढे ओढलं आणि म्हटलं, "साहेब, आमच्या घरात आधी वहिनी जेवते."