पाठ फिरवलेल्या भेगा

आश्विनातलं ऊन त्या सकाळी खाणीत कोसळलं. काळ्या कड्यावर आपटून फुटलं, आणि त्याच्या पांढऱ्या कपच्या माणसांच्या डोळ्यांत शिरल्या. कडा उभा होता. डोंगराचं मांस कापून नेल्यावर उरलेला, उघडा, तापलेला, काळाकभिन्न कडा.

त्याच्या छातीवर दोन भेगा. एक माथ्यावरून उतरणारी, एक तळातून चढणारी. दोन सवती एकाच उंबऱ्याकडे निघाव्यात, तशा त्या निघालेल्या.

खंडेनवमी होती. वडारवस्तीत त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. घण, पहारी, छिन्न्या कड्याच्या पायथ्याशी मांडलेल्या. हळदीने पिवळ्या, कुंकवाने लाल, झेंडूखाली शांत. भोवती सारी वस्ती बसलेली, आणि मधे वस्तीचा म्होरक्या, दुर्गप्पा धोत्रे.

त्याची लेक हेमा शहरातून धावत आली. तिकडे ती संगणकात दगड फोडायची. या कड्याचे फोटो, दगडाची ताकद, माथ्यावरचं ओझं, सगळं तिने त्या काचेत ओतलं होतं. काचेतला कडा बारीक बारीक त्रिकोणांचा. त्या जाळ्यात दोन भेगा सरपटत होत्या. जिथे भेगेचं टोक, तिथे ताणाची लालबुंद आग. आग पुढे, भेग मागे. आग पुढे, भेग मागे.

"आप्पा, उठा. समद्यांना मागं घ्या. कडा पडणार हाय."

दुर्गप्पाने वर बोट केलं. "ते बघ. जवळ आल्या अन् फिरल्या. पाठ फिरवलेल्या भेगा भेटत न्हाईत, पोरी. माझ्या बापानं शिकवलंय मला."

"पयल्यांदा फिरत्यातच, आप्पा! फिरून एकमेकींला वलांडत्यात, अन् मग मागं वळून एकमेकींच्या बरगडीत घुसत्यात. सकाळच्या फोटूत वलांडून गेल्यात त्या!"

दुर्गप्पाचा धाकटा भाऊ भीमा नारळ सोलत होता. तो हसला. "तुझ्या डब्यातल्या भेगांना सांग, आज सण हाय. उद्या या म्हणावं."

वस्ती खदाखदा हसली. बायका हसल्या, म्हातारे हसले. वरून चिमूटभर माती घरंगळली आणि झेंडूवर पडली. ती हेमाने पाहिली. फक्त हेमाने.

मग तिने ते केलं, जे त्या वस्तीत कुणी केलं नव्हतं. पुजलेला घण उचलला. फुलं उधळली, दिवा लवंडला, हळद तिच्या पदरावर सांडली. घण छातीशी धरून ती खाणीच्या तोंडाकडे धावत सुटली.

एकच आरोळी उठली. अपमानाची, संतापाची. वस्ती उठली. शिव्या उठल्या, चपला उठल्या, पोरं कडेवर घेऊन बायका उठल्या. "धरा तिला! बाटवला! सण बाटवला!" सारी वस्ती तिच्या मागे, वणव्यासारखी. एकटा भीमा बसून राहिला. "पळा, पळा," तो ओरडला, "नारळ मी राखतो!"

खाणीच्या तोंडाशी दुर्गप्पाने तिला गाठलं. केस धरून फिरवलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर हात उगारला. थप्पड तिच्या गालावर फुटली.

आणि मागे कडा फुटला.

भेगांनी एकमेकींच्या बरगड्या फोडल्या. कडा आधी वाकला, मग सुटला. काळे दात, काळे खांदे, काळ्या मांड्या खाली आल्या. जमीन गुरासारखी हंबरली. धुळीने सूर्य गिळला. दगडावर दगड, दगडावर दगड. आणि त्या सगळ्याखाली एक हसरा आवाज मध्येच तुटला.

धूळ बसली. हेमाच्या ओठातून रक्त ओघळत होतं. दुर्गप्पाने तिच्याकडे पाहिलं, ढिगाऱ्याकडे पाहिलं. "भीमा," तो म्हणाला, हाक वाळूत जिरावी तसा.

मग त्याने लेकीच्या हातातला घण घेतला.

तो ढिगाऱ्यावर चढला आणि भावावरच्या शिळेवर त्याने पहिला घाव घातला. एकेक माणूस चढलं. कुणाच्या हाती ढिगाऱ्यातून उपसलेली पहार, कुणाच्या हाती नुसती नखं. सणाच्या दिवशी सारी वस्ती दगड फोडत होती. घाव पडे आणि कुंकू उडे, घाव पडे आणि हळद उडे. शेवटी शिळा दुभंगली आणि भीमाचा हात दिसला, थंड. तरी दुर्गप्पा थांबला नाही. घाव घालत राहिला तो, घाव घालत राहिला, उतरत्या उन्हात, उघड्या डोंगरावर.