दोन क्रेडिटचा विषय

सक्तीचा विषय म्हटला की आपल्या घरात त्याची किंमत आधीच ठरलेली असते. पोरगी कॉम्प्युटर शिकते, तिला वस्तीची पाहणी कशाला, असं आपणच जेवताना बोलून जातो आणि मुलं नेमकं तेवढंच ऐकतात. पनवेलच्या खाडीकाठच्या पाड्यात राहणारी चंद्रावती कोळीणही असंच बोलून गेली होती.

तिची मोनाली बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. आता पदवीच्या मुलांना आपल्या शाखेबाहेरचेही काही विषय घ्यावेच लागतात. त्यातला एक लोकांमध्ये जाऊन काम करण्याचा. एका वस्तीतली चाळीस घरं गाठायची, लोकांशी बसून बोलायचं, फॉर्म भरायचे, अहवाल द्यायचा. त्याचे मिळणार दोन क्रेडिट.

"आये, माजा काय संबंध? मना कोडिंगचा अभ्यास हाय नि ते लोकांच्या दारात जायाला सांगतान," मोनाली कुरकुरली होती.

"नको जाऊस उनातानात. पास व्हायापुरता कर नि मोकली हो," चंद्रावती म्हणाली होती.

या गोष्टीला चार महिने झाले. मग पाड्यातल्या बायकांना महापालिकेकडून सुनावणीचं बोलावणं आलं. खाडीच्या तोंडाशी पाड्याचं सामायिक खळं आहे. जवळा, करंदी अशी बारीक मासळी सुकत घालायची ती मोकळी जागा. तिथे आता फिरायचा रस्ता आणि गाड्या लावायची जागा होणार होती. सुकवायला जागा नसेल तर ओला जवळा संध्याकाळपर्यंत कुजतो, आणि त्याच्याबरोबर पाड्यातल्या तीसेक बायकांचा धंदाही. सगळ्याजणी तावातावाने सुनावणीच्या हॉलवर गेल्या. चंद्रावती पुढे होती.

अधिकारी तरुण आणि बोलायला नम्र होते. "मावशी, तुमच्याच वस्तीची पाहणी झाली आहे. कॉलेजच्या मुलांनी घरोघर जाऊन केली आहे. चाळीसपैकी सदतीस घरांनी सांगितलंय की खळं आता कोणी वापरत नाही."

"कुनी सांगितला?" बायका एकदम उठल्या.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली आणि नावं वाचायला सुरुवात केली. भामा कोळी, खळं वापरता का, नाही. चंद्रावती कोळी, नाही. मग त्यांनी पान उलटलं. "दिनानाथ कोळी, वय छप्पन्न. मुलाखतीत म्हणाले, आम्हाला खळ्याची गरज नाही. खाली सही आहे."

दिनानाथ म्हणजे चंद्रावतीचा नवरा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

चंद्रावती सातवीपर्यंत शिकलेली. तिने फाइल हातात घेतली आणि पहिल्या पानावरची पाहणी करणाऱ्यांची नावं वाचली. जीवन नावाच्या कुणा मुलाचं नाव होतं आणि त्याच्या वर मोनाली दिनानाथ कोळी. शेजारची भामा खांद्यावरून बघत होती.

"ही तुजी पोर ना गो?" भामाने विचारलं. "आमाला काय म्हाईत, खलं तूच इकायला काडलास."

परक्याने फसवलं असतं तर तिने त्याचा बाजारात उद्धार केला असता. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

घरी मोनाली लॅपटॉप उघडून बसली होती. आईने विचारलं तेव्हा आधी तिला आठवेचना. मग आठवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी फक्त आपल्या पाड्याची मतदार यादी दिली, आये. आमी वीस-वीस घरं वाटून घेतली. बाबांचा फॉर्म जीवननं भरला. यादीत त्यांचा नाव अजून हाय, आपला घर दोनदा आला, त्याला काय म्हाईत."

"नि खलं नको, ह्या कुनी सांगितला?"

"कुनीच नाय. 'हो' लिवला का फुडं पाच प्रश्न येतान. किती दिवस, किती टोपल्या, सगलं. 'नाय'वर खूण केली का डायरेक फुडचं पान." ती हळू आवाजात म्हणाली, "सगलेच असा करतान. असले फॉर्म कोन वाचतंय?"

"वाचला ना आज. भर सभेत तुज्या मेलेल्या बापाला बोलता केला."

त्या दिवशी चंद्रावती जेवली नाही. पोरीच्या पुस्तकांवर धूळ बसू दिली नव्हती तिने. कॉलेजात जाणारी पाड्यातली पहिली पोर म्हणून दहा ठिकाणी मिरवली होती. आणि त्या पोरीला पाच प्रश्नांचा कंटाळा आला म्हणून आईचा धंदा खोडून टाकावासा वाटला. हे तिला कितीही समजून घ्यायचं म्हटलं तरी घेता येईना.

दुसऱ्या दिवशी तिने बाजार बुडवला आणि मोनालीला पुढे घालून कॉलेज गाठलं. विषय शिकवणाऱ्या किशोरी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"हा अहवाल महापालिकेला मीच पाठवला, ताई," त्या म्हणाल्या. "वाटलं, मुलांनी इतकं मनापासून केलंय, कपाटात पडून राहायला नको, वस्तीच्या उपयोगी पडेल. चाळीस फॉर्म मोजले आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. एका घरी फोन करून विचारलं नाही. यात माझीही चूक आहे आणि तसं मी लिहून देणार आहे."

मोनाली पुटपुटली, "मॅडम, पण हा आमचा मेन विषय नव्हता."

"स्टाफरूममध्येही हेच ऐकते मी. कॉम्प्युटरच्या मुलांचा वेळ खाते म्हणतात." मॅडमचा आवाज चढला नाही. "उद्या तू बँकेचं, दवाखान्याचं ॲप बनवशील. त्यात 'हो' आणि 'नाही' कुठे ठेवायचं ते तू ठरवशील. 'नाही'मुळे ज्याचं नुकसान होतं, तो माणूस दिसतो कसा, राहतो कुठे, हे तुला कोडिंगच्या तासाला कोण दाखवणार? म्हणून हा विषय सगळ्यांना आहे. नुकसान होणारा माणूस तुझ्या घरातच होता आणि तुला तो दिसला नाही."

मोनाली रडायला लागली. चंद्रावतीने तिला जवळ घेतलं नाही. मुलीने फॉर्म खोटे असल्याचं लिहून दिलं, जीवननेही दिलं. दोघांचे मार्क रद्द झाले, विषय पुन्हा करायचा ठरला. मॅडमनी ती पत्रं स्वतः महापालिकेच्या कार्यालयात नेऊन दिली आणि खऱ्या पाहणीसाठी आठवडा मागून घेतला.

मग मोनाली आणि जीवन खरोखर दारोदार फिरले. पहिल्याच दारात भामाने ऐकवलं, "लिव तुज्या मनानं, पयल्यासारका. आमाला कशाला तरास?" मोनाली खाली मान घालून उभी राहिली. तासाभराने भामाने पाट सरकवला. पाच प्रश्नांना दीड तास लागला. छत्तीस घरांनी खळं हवं म्हणून सांगितलं, तिघांनी नको म्हटलं, ते नकोही जसंच्या तसं लिहिलं गेलं. अधिकाऱ्यांनी जुना अहवाल रद्द केला आणि खळ्याला हात लावायचं थांबवलं.

पण ते फॉर्म द्यायच्या आधी एक घर राहिलं होतं. आपलं घर मोनालीने भीतीने शेवटाला ठेवलं होतं. ती आईसमोर जमिनीवर बसली. चंद्रावतीनेही परक्या माणसाला द्यावीत तशी मोजून उत्तरं दिली. किती दिवस सुकतं, किती टोपल्या, पहाटे कितीला उठता. त्यातलं निम्मं मोनालीला ठाऊक नव्हतं.

शेवटचा प्रश्न तिने चाचरत वाचला. "तुमच्या मुलांनी हा व्यवसाय पुढे चालवावा, असं तुम्हाला वाटतं का?"

"नाय," चंद्रावती म्हणाली. "माज्या पोरीनं टोपली उचलावी, असा मना कवाच वाटला नाय. पन कवा तरी बाजूला बसून तिनं इचारावा, आये, तू काय करतंस गो, येवढा वाटलेला."

मोनालीने ते सगळं लिहिलं. एकही शब्द गाळला नाही. लिहून झाल्यावर तिने कागद आईपुढे धरला. चंद्रावतीने तो सावकाश वाचला, खाली स्वतःच्या हाताने सही केली आणि कितीतरी दिवसांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

मंडळी, आपल्या मुलांना त्यांचा विषय शिकवणारे पुष्कळ भेटतील. त्या विषयाबाहेरची माणसं दाखवणारा तास आठवड्यातून एखादाच असतो, आणि तो बुडवायला आपणच त्यांना शिकवतो. ज्या उत्तरावर दुसऱ्याची चूल पेटते किंवा विझते, ते त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. एवढं ज्याला कळलं नाही, त्याची पदवी कितीही मोठी असो, शिक्षण अर्धंच राहिलं.