पितळी पंपाच्या पोटातलं औषध

साहेब, विषाला ‘औषध’ म्हणायला आम्हाला तुम्हीच शिकवलंत. सभा भरवून, गळ्यात हार घालून घेऊन शिकवलंत.

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे. शेतकी खात्याच्या या साहेबांनीच मला सवलतीत अंबाजींना दिलं. हैदराबादेत कुकटपल्लीच्या पलीकडे त्यांचा भाजीचा मळा. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता. दुकानात कीड मारायच्या औषधाचे रंगीत डबे येत आणि माझ्या पोटात रिकामे होत. पालक चकचकीत दिसे, पण आलेला पैसा पुन्हा डब्यांतच जाई. शेजारच्या मळ्यांवर इमारती उठत होत्या. आपलाही मळा विकावा लागणार, या काळजीने अंबाजी खंगले.

एकदा हिमायतनगरच्या बाजारात त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई एका गिऱ्हाइकाला, अनुराधाबाईंना, अभिमानाने म्हणाल्या, “एक तरी भोक दाखवा! भरपूर औषध मारलंय.”

“औषध? मग मेडिकलमध्ये विका की!” असं म्हणून बाईंनी पालकाची जुडी खाली टाकली.

इंदुमतीबाई तणतणत घरी आल्या. “नक्को आता ते डबे!”

“अगं, अळ्या खातील ना सगळं,” अंबाजी म्हणाले.

“खाऊ द्या. दुकानदार खातो त्यापेक्षा कमीच खातील.”

त्यांनी मला सोड्याने घासघासून धुतलं आणि माझ्यात कडुनिंबाच्या बियांचा अर्क भरला. पहिल्याच पालकाला भोकं पडली. अंबाजी कपाळाला हात लावून बसले. इंदुमतीबाईंनी तोच पालक अनुराधाबाईंपुढे धरला.

“औषध मारलंय?”

“नाही बाई. अळीनं आधी खाऊन बघितलाय. जिवंत आहे अजून ती!”

बाई खळखळून हसल्या. पुढच्या खेपेला शेजारणींना घेऊन आल्या. भाव थोडा जास्त मिळू लागला, डब्यांचा खर्च तर उरलाच नाही. मळा वाचला.

माझ्या पोटातली जळजळ गेली, अंबाजींच्या पाठीची खाज गेली. आज माझी दांडी कुरकुरते, तरी इंदुमतीबाई मला रोज धुऊन सावलीत उलटा ठेवतात. त्यांचे उपकार कसे फेडू? मित्रांनो, हत्याराला असं जपलं की ते जन्मभर राबतं.

परवा साहेब जीप घेऊन मळ्यात आले. घरच्यासाठी पिशवी भरून पालक घेतला, तोही भोकंवाला, निवडून निवडून. जीपमध्ये मागे मात्र पुढच्या गावी वाटायचे डबे रचलेले.

साहेब, तुमच्या पोरांना हा पालक, मग दुसऱ्यांच्या पोरांना तो डबा कशासाठी? पिशवी ठेवा खाली. आधी उत्तर द्या.