गेंड्याचं माप

पाचवं नाव बारक्या वहीत लिहिणारच नव्हता. चार लिहून झाली होती, पेन्सिल कानामागे गेली होती, वही मिटायचीच बाकी होती. पण समोर ताई बसली होती, आणि तिच्या मांडीवर एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत राखाडी लोकरीचं काहीतरी गुंडाळून ठेवलेलं.

"आणि हे?"

"ते... ते होतंच आलंय."

"बारक्या, तुझं सगळंच होत आलेलं असतं. लिही."

ताई खरं तर उशीची खोळ शोधायला आली होती. कपाटाचं वरचं दार उघडलं आणि अख्खी लोकर तिच्या डोक्यावर आली. गुंडे, सुया, अर्धवट बाह्या, कुठल्या तरी टोपीचा एकच कान. त्यानंतर ती खोळ विसरली आणि जमिनीवर फतकल मारून बसली.

बारक्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर मागच्या खोलीत बसून फ्रेमच्या मापाची काच करायची, केसाइतकाही फरक चालायचा नाही. तीन वर्षांपूर्वी पाय मोडून दोन महिने पडून होता, तेव्हा मोबाइलवर बघून बघून तो विणायला शिकला. पाय बरा झाला, विणकाम राहिलं. लोक आधी हसले, मग त्याच लोकांनी हळूच विचारलं, "माझ्यासाठी पण एक करशील का रे?" आणि बारक्याला नाही म्हणता येत नव्हतं, हा त्याचा जन्माचा आजार. एक काम अर्धं झालं की दुसरं सुरू. दुसऱ्याचा गळा आला की तिसऱ्याची लोकर घरात.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," ताई म्हणाली. "वाच काय लिहिलंयस."

त्यानं वाचलं. भाचीची टोपी, एक कान बाकी. दुकानाच्या मालकांच्या नातवाचं ब्लँकेट.

"तो नातू आता शाळेत जातो."

"लहान मुलं झोपतातच की शाळेत गेली तरी."

आईची शाल. स्वतःचे मोजे, त्यातला एक झालेला.

"एका पायाचा मोजा घालून फिरणार आहेस? आणि हा पाचवा कोणाचा?"

बारक्यानं पेन्सिल कानामागून काढली. "गेंड्याचा," तो म्हणाला आणि लिहिलं. *गेंड्याचा स्वेटर.*

ताईनं पिशवीतून स्वेटरचा अर्धवट पुढचा भाग बाहेर काढला. त्याला सुया नव्हत्या. वरचे सगळे टाके एका दोऱ्यात ओवून ठेवले होते, माळेसारखे.

"हे असं का?"

"सुया लागल्या दुसरीकडे."

आठ नंबरच्या सुयांची एकच जोडी होती त्याच्याकडे. टोपी अडली की गेंड्याच्या स्वेटरमधून सुया निघायच्या. ब्लँकेट आलं, पुन्हा निघाल्या. शालीला घाई झाली, तेव्हाही. असं किती वेळा झालं ते त्यानं मोजलं नव्हतं. बाकीचे सगळे मागे लागायचे. भाची रडायची, मालक रोज सकाळी भुवया उंचावायचे, आई म्हणायची, "मी आहे तोवर होऊ दे." गेंडा जुना मित्र, तो कधी काही म्हणायचा नाही. म्हणून प्रत्येक वेळी सुया त्याच्याच निघायच्या.

ताईनं फर्मान काढलं. पाचही पूर्ण होईपर्यंत नवी लोकर घरात येणार नाही. लोकरीच्या दुकानासमोरून जायचं झालं तर पलीकडच्या फुटपाथवरून.

बारक्यानं खरंच मनावर घेतलं. टोपीचा दुसरा कान एका संध्याकाळी झाला. भाचीनं टोपी घातली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "मामा, हा कान मोठा आहे."

"त्या कानानं जास्त ऐकू येईल."

ब्लँकेट मालकांना दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "वा! दुसरा नातू होईल तेव्हा उपयोगी पडेल." मोजा झाला. शालीला दीड महिना लागला. आईनं ती घडी घालून कपाटात ठेवली, कुठे जायचं झालं तर घालीन म्हणाली, आणि कुठेच गेली नाही. वहीत चार नावांवर रेघा पडल्या.

मग एका रविवारी सकाळी त्यानं ती पिशवी उघडली. पाठीचा भाग पूर्ण होता. पुढचा भाग काखेपर्यंत आलेला. दोन्ही पलंगावर एकावर एक पसरले आणि तो बघतच राहिला. पुढचा भाग पाठीपेक्षा चांगला दोन इंच रुंद होता.

कारण कळायला वेळ लागला नाही. आठ नंबरच्या सुया परत मिळायची वाट न बघता तो मधेमधे जी हाताला लागेल ती जोडी घालून विणत गेला होता. कधी सात, कधी नऊ. जवळून बघितलं तर पट्टे दिसत होते, चार बोटं घट्ट, मग चार बोटं सैल, मग पुन्हा घट्ट. दुकानात ज्याला सगळे मिलिमीटरचा माणूस म्हणायचे, त्याचं हे काम. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आता काय उसवायचं, पाठ की पोट? वहीची जुनी पानं चाळली. दोन वर्षांपूर्वीची नोंद सापडली. *गेंडा. छाती सेहेचाळीस. तो म्हणतो सत्तेचाळीस लिही.*

बारक्या हसला. मग हसू जरा ओसरलं. चार महिने झाले होते गेंड्याकडे जाऊन. मेसेज व्हायचे, एखादा फालतू विनोद, अंगठा. जाणं मात्र टळायचं. रिकाम्या हातानं कसं जायचं, स्वेटर झाला की जाऊ, असं म्हणत म्हणत. त्यानं मापाची फीत खिशात टाकली, दोन्ही भाग पिशवीत घेतले आणि निघाला.

गेंडा तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. लोकांचं सामान हलवणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. नाव त्याला कामावरच पडलेलं. स्वतःच्या खोलीतलं लाकडी कपाट त्यानं एकट्यानं पाठीवर घेऊन तिन्ही मजले चढवलं होतं. बारक्या मागून नुसता "हळू, हळू" म्हणत होता आणि शेवटी धाप त्यालाच लागली होती.

दार उघडायला वेळ लागला.

"या आजी! आज पायधूळ कशी काय झाडलीत?"

विणायला लागल्यापासून गेंडा त्याला आजी म्हणायचा. आवाज तोच होता. अंगात जाड जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. खिडक्या बंद होत्या, खोलीत उकडत होतं.

"कुठे निघालायस?"

"कुठे नाही. बस. चहा टाकतो."

टेबलावर कापलेलं सफरचंद होतं. कडा तपकिरी पडलेल्या. एकाच फोडीला दात लागलेले.

बारक्यानं पिशवीतून स्वेटर काढून दाखवला. गेंड्यानं दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला. "अरे, जिवंत आहे हा अजून? मला वाटलं, याचं पायपुसणं झालं असेल."

"माप घ्यायचंय."

"माझं माप आहे की तुझ्याकडे."

"त्याला दोन वर्षं झाली."

"मग? मी काय या वयात उंच होणार आहे?"

"पुढचा भाग दोन इंच रुंद झालाय. कुठला बरोबर ते बघायचंय."

"मधलं धर. सरासरी."

"सरासरीवर चष्मा बसत नाही आणि स्वेटरही बसत नाही. जॅकेट काढ."

"थंडी वाजतेय रे."

"इतक्या उकाड्यात?"

"जॅकेटवरूनच घे ना. तुला काय, आकडाच पाहिजे ना?"

बारक्या फीत हातात धरून उभाच राहिला. गेंड्यानं एकदा गॅसकडे बघितलं, एकदा खिडकीकडे. मग चेन खाली ओढली.

आत शर्ट होता. शर्टाच्या आत दुसरा शर्ट. तो काढला तर आत हातभर बाह्यांचा जाड टी-शर्ट. एकेक काढून तो खुर्चीवर टाकत गेला, तोंडानं काहीतरी चालू होतं, कामावर असंच थर घालावे लागतात, ट्रकमध्ये वारा लागतो, वगैरे. शेवटी बनियनवर उभा राहिला आणि बोलायचा थांबला.

मागच्या वेळी माप घेताना बारक्याला त्याला मिठीच मारावी लागली होती. हात मागून पुढे पोचेनात, गाल पाठीला टेकलेला, आणि गेंडा हसल्यामुळे फीत दोनदा सुटलेली. आता फीत फिरवली आणि दोन्ही टोकं लगेच हातात आली. त्यानं आकडा वाचला. फीत कुठे दुमडली असेल म्हणून सोडली, बोटांनी सरळ केली, पुन्हा घेतली.

एकोणचाळीस.

"हात खाली कर," बारक्या म्हणाला. आपला आवाज त्याला दुकानातल्यासारखा वाटला, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा.

"किती?"

बारक्या फीत गुंडाळायला लागला. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होता.

"कधीपासून?"

"झाले असतील तीनेक महिने." गेंड्यानं टी-शर्ट डोक्यातून घातला, आणि तोंड आत असतानाच बोलला. "जेवण जात नाही. दोन घास खाल्ले की पोट गच्च."

"कामावर?"

"सांगितलंय, पाठ धरलीय. उचलायला खुर्च्या देतात, दिव्यांच्या टोप्या देतात. पोरं म्हणतात, गेंडा आता म्हातारा झाला." तो हसला. "शर्टावर शर्ट घातले की कळत नाही कोणाला."

"आणि मला?"

"तू आलास कुठे?"

हे त्यानं टोमणा म्हणून म्हटलंच नव्हतं. साधं उत्तर दिल्यासारखं म्हटलं. बारक्यानं खाली बघितलं. खुर्चीवरचे शर्ट उचलले, एकेकाची घडी घातली, एकावर एक ठेवले.

चहा उतू गेला. गेंड्यानं गॅस बंद केला आणि फडक्यानं ओटा पुसत राहिला.

"डॉक्टरकडे गेला होतास?"

"एकदा. त्यांनी मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथली तारीख होती, ती गेली. मग त्यांचा फोन आला. दुसरी दिली, तीही गेली." त्यानं ड्रॉवर उघडला. दोऱ्या, चिकटपट्ट्या, किल्ल्या, आणि त्यांच्याखाली चार घड्या घातलेला कागद. "आता बुधवारची आहे. पावणेदहा."

"जाणार आहेस?"

गेंड्यानं कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला, पण ड्रॉवर लावला नाही.

बारक्यानं वही उघडली. पेन्सिल हातात घेतली. *गेंडा. छाती,* इतकं लिहिलं.

"सेहेचाळीस लिही," गेंडा म्हणाला.

"नाही."

"अरे, भरून काढीन मी. बरा झालो की महिन्याभरात भरून काढीन. मोठाच विण."

"विणायचं नंतर बघू. हे आजचं माप आहे."

"वही तुझी असेल, अंग माझं आहे ना?"

बारक्यानं वर बघितलं. गेंडा ओट्याला टेकून उभा होता, फडकं दोन्ही हातांत पिळत. आयुष्यात पहिल्यांदा तो त्याला चिडलेला दिसला. म्हणजे चिडलेला नव्हताच. ओठ चिडल्यासारखे होते, डोळे भलतंच काही सांगत होते.

एका मिनिटात हे सगळं हलकं करता आलं असतं. काही नसेल रे, पित्त असेल, या उन्हात सगळ्यांचीच भूक गेलीय. वाक्यं तोंडात तयार होती. बारक्यानं ती गिळली आणि एकोणचाळीस लिहिलं. खाली तारीख घातली. मग वही फिरवून गेंड्यासमोर धरली.

गेंड्यानं बराच वेळ बघितलं. मग खुर्चीवर बसला, घड्या घातलेल्या शर्टांवरच.

"सात इंच गेलो मी," तो म्हणाला.

"हो."

बाहेर कोणीतरी जिना चढत होतं. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली, दार वाजलं, लागलं.

"बुधवारी मी येतो," बारक्या म्हणाला. "नऊला खाली उभा राहतो."

"दुकान?"

"काचा काही पळून जात नाहीत."

"आत येशील? म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत?"

"तू म्हणशील तर आत. नाहीतर बाहेर बसतो."

"आत ये." गेंड्यानं सफरचंदाची एक फोड उचलली, बघितली, परत ठेवली. "ती फोनवरची बाई बोलत होती ना, मला तिचा नुसता आवाज येत होता. शब्द एक नाही. हो हो करत राहिलो. तिथं पण तसंच होईल माझं. तू ऐक. सगळं नीट ऐकून घे, आणि खाली रस्त्यावर आलो की मला सांग."

"सांगेन."

"गोड करून नाही सांगायचं, आजी. तुला सवय आहे."

बारक्या खुर्चीपाशी गेला आणि गेंड्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाड लागलं. हात त्यानं तिथेच राहू दिला.

"जसंच्या तसं सांगेन," तो म्हणाला. "ते जे काय म्हणतील, तेच. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही."