तोंड झाकल्यावर

अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेलच्या कारखान्यात माग सुरू झाले की कानाशी ओरडलं तरी ढिम्म ऐकू येत नाही. बाहेरच्यांना वाटतं, इथली माणसं मुकाट राबतात. कसली मुकाट! मैंदर्गीची काशम्मा आणि तिचा नवरा शिवपुत्र समोरासमोरच्या मागांवर उभे राहून भांडणंसुद्धा तिथेच उरकत. ओठ दिसले की झालं. रीत एकच: समोर जाऊन तोंड दाखवल्याशिवाय कुणी कुणाला सांगितलं, असं धरायचं नाही.

मग शिवपुत्रचा खोकला बळावला. सुताची धूळ छातीत बसली होती. काशम्माने दोघांसाठी मास्क आणले.

"तोंडच झाकलं तर बोलायचं कसं गं?" तो कुरकुरला.

"आदी नीट श्वास घ्या की. बोलायला घर हाय न्हवं."

तिचं तरी काय चुकलं? नवरा जगावा म्हणून बाई डोकं खाणारच. तो मास्क गळ्यात ओढायचा, ती मागापलीकडून डोळे वटारायची आणि तो निमूटपणे वर घ्यायचा.

त्या दुपारी शिवपुत्रच्या मागाची वीज गेली. बाकीचे माग धडधडतच होते. नवा वायरमन बोर्डाशी खटपट करत होता, तोवर शिवपुत्र दातेरी चाकात गुंतलेलं सूत काढायला बसला. त्याची पाठ बोर्डाकडे होती. काम होताच वायरमनने जागेवरूनच हाळी दिली. काशम्माला त्याचं उघडलेलं तोंड दिसलं आणि बटणाकडे जाणारा हातही. मेल्याला रीत कुणी सांगितलीच नव्हती.

"हात काढा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली.

शिवपुत्रने वर पाहिलं. मास्कच्या वर तिचे मोठे झालेले डोळे तेवढे त्याला दिसले. त्याचा मास्क गळ्यातच होता. तो ओशाळून हसला आणि डाव्या हाताने मास्क वर ओढू लागला. उजवा हात चाकातच राहिला.

तिने स्वतःचा मास्क ओरबाडून काढला, तोवर चाक फिरलं होतं.

दवाखान्यात शुद्ध आल्यावर शिवपुत्रने मनगटापाशीच संपलेल्या उजव्या हाताच्या बँडेजकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तवा काय म्हनत हुतीस? मास्कचंच की?"

काशम्मा त्याच्या समोर येऊन उभी राहिली. तिने नुसते ओठ हलवले, मागापलीकडून हलवायची तसे. हात काढा.

त्याला कळलं. त्याने डोळे मिटून घेतले.

ती तशीच ओठ हलवत 'माजं चुकलं, माजं चुकलं' म्हणत राहिली. त्याने काही डोळे उघडले नाहीत.