बुडातून उसवलेलं पोतं

"भावजी, ह्ये बिल हाय का तव्याचं बूड?"

ज्वारीची कणसं मोडता मोडता धुरपताबाईचा हात थांबला. दिरानं, म्हणजे गुंडप्पानं, पुढं धरलेला कागद चकचकीत प्लॅस्टिकात बसवलेला. चारी कोपरे गोल, अन् आत अमावस्या. मशिनीतून निघणारं बिल ते, झळ लागली तरी काळवंडतं. या शहाण्यानं लॅमिनेशनच्या तापल्या यंत्रात घातलेलं.

"टिकावं म्हून केलं, वैनी."

"टिकलं की. सात पिढ्या टिकंल. वाचता तेवढं यायचं न्हाय."

उद्या धाराशिवला ग्राहक मंचात तारीख. मृगात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नव्हतं. सारं रान टक्कल पडल्यागत. कृषी खात्यानं पंचनामाही केला. पण दुकानदारानं लेखी कळवलं, ही बाई आमची गिऱ्हाईक नाही. आता बियाणं त्याच्याच दुकानातलं हे दाखवायचं, नाहीतर तक्रार बुडाली.

शेत धुरपताबाईच्या नावचं, तक्रारही तिचीच. पण कागदांचा कारभार गुंडप्पाकडं, कारण फाईल त्याच्याकडं होती. तीत सातबारे तीन, आधारच्या झेरॉक्स आठ, अन् कुणी न मागितलेले गुंडप्पाचे फोटो चार. कामाचा कागद एकच, तो असा करपलेला.

"बियाण्याची पोती कुठायत?"

"दोन ट्रॅक्टरच्या सीटवर घातली हुती. गेली फाटून. तिसरं तुमीच न्हाय का पुजलं?"

हे म्हणताना त्याला आताही हसू आलं. पेरणीच्या दिवशी धुरपताबाईनं तिसऱ्या पोत्याचं तोंड फाडू दिलं नव्हतं. हळदकुंकू वाहून बुडाची शिवण उसवली, अन् मूठभर बी आत ठेवून पुन्हा टाचली. बियाण्याचं तोंड फाडू नये, घर बियावाचून ठेवू नये, ही सासूची शिकवण. तेव्हा गुंडप्पा साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा हसला होता.

धुरपताबाई उठली. माळवदाच्या कडीला टांगलेलं पोतं काढून तिनं त्याच्यापुढं टाकलं. तोंडाच्या शिवणीतला टॅग शाबूत, लॉट नंबर ठळक, कडेला कुंकवाचं बोट. अन् पोत्याच्या पोटावर, माल बाजूला काढताना दुकानदारानं स्वतः मार्करनं लिहिलेलं: 'धुरपताबाई, तेर. ३ नग. उद्या नेणार.'

"आयला! आणा इकडं, ह्येलाबी लॅमिनेशन..."

"हात लावला तर तुमालाच घालीन त्या यंत्रात."

सकाळच्या एसटीत पोतं धुरपताबाईच्या मांडीवर, फाईल गुंडप्पाच्या हातात. उकडत होतं, वारा घ्यायला फाईल बरी होती.

मंचाच्या पायरीवर दुकानदार वकिलासंगं उभा. धुरपताबाईकडं त्यानं पाहिलंच नाही. पोत्याकडं पाहिलं. आपलं अक्षर माणूस लांबूनही ओळखतो. वकिलाचं बोलणं अर्ध्यात सोडून तो दोन पायऱ्या खाली आला.

"मावशी, लांबून आलाव. आत जायच्या आधी बसा की, च्या सांगतो."

"वळख पटली म्हणायची!" धुरपताबाईनं पोतं काखेत घट्ट धरलं. "सांग बाबा. पर च्याचं बिल दे. हातानं लिवलेलं."