सिस्टरांचं ‘नंतर’

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची. त्या वर्षी माझी सून परक्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून, हातात फोन धरून मला म्हणाली, “आई, हात जरा हळू. तुम्ही एका फटक्यात सगळं साफ करून टाकता. मग बघणाऱ्याला मजा काय?”

मी एक्झॉस्ट फॅनचं पातं घासत होते. चार वर्षांचं तेल होतं त्यावर, मधासारखं घट्ट झालेलं.

“बघणाऱ्याला मजा हवी असेल तर त्याला म्हणावं, ये आणि घास,” मी म्हटलं.

आमच्याकडे कामाला एक बाई होती. तिचा आवाज असा की खालच्या मजल्यावर बादली हवी असेल तर फोन लागत नसे. सगळे तिला तोफ म्हणत आणि तीही ओ देत असे. ती फरशीवरून ओरडली, “माझं तोंड नको हं घेऊ त्यात! नवरा बघेल आणि म्हणेल, कामावर एवढी हसते, घरी आल्यावर हिचं तोंड कोण शिवतं?”

आमचा धंदा घरं साफ करून देण्याचा. कुणी घर सोडताना, कुणी नवं घर लावताना, कुणी घरातलं लांबलेलं आजारपण संपल्यावर आम्हाला बोलावत. तीन बाया, एक जुनी व्हॅन आणि ती चालवायला माझा मुलगा. वीसेक वर्षं ऐकीव नावावर चाललं. मग मोठ्या कंपन्या आल्या, लोक फोनवर बोट टेकवून माणसं मागवू लागले आणि आमचा फोन गप्प झाला. एका आठवड्यात तो दोनदाच वाजला, त्यातला एक राँग नंबर. तेव्हा सुनेनं पदर खोचला. ती म्हणाली, “काम करून भागत नाही आई, काम दिसायला हवं.”

तिची युक्ती साधी होती. घाण होती तशी दाखवायची, त्यावर लिहायचं ‘आधी’. मग चकचकीत दाखवायचं आणि लिहायचं ‘नंतर’. मधलं घासणं भरभर पळवायचं. नजर मात्र होती पोरीला. उजेड कुठून घ्यायचा, फडका कुठल्या बाजूनं आत यावा, हे तिला न शिकवता कळे. एका शेगडीचा व्हिडिओ अठरा हजार लोकांनी पाहिला. मी तोंडात बोट घातलं. अठरा हजार माणसं एका शेगडीकडे बघत बसली, तेवढ्या वेळात त्यांच्या घरच्या शेगड्या कोण घासत होतं, देव जाणे. पण फोन पुन्हा वाजू लागला, हे खरं.

आता सिस्टरांबद्दल सांगते. तरुणपणी मी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते. तिथल्या मुख्य नर्स म्हणजे सिस्टर. नाव होतं त्यांना, पण ते कुणी घेत नसे. नाकावर माशी बसू देत नसत. लादी पुसायची ती स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे, उलटी नाही. फडका पिळायचा तर मनगटातून. पलंगाची चादर घालताना कोपरा असा तिरका दुमडून गादीखाली दाबायचा, की रोगी रात्रभर तळमळला तरी सुटायला नको. हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले, आणि त्यावरच पुढे आमचं घर चाललं. माझा मुलगा जन्मला तोही त्यांच्याच हातांत.

एकदा एका शिकाऊ नर्सनं, बाळंतिणीच्या आईला धीर यावा म्हणून, तक्त्यावर ताप कमी लिहिला. सिस्टरांनी तिला त्याच आईसमोर उभं केलं. म्हणाल्या, “हिला खरा आकडा तू सांगायचास. दया करायची तर हातानं कर. तक्त्यावर नाही.”

निवृत्त झाल्यावर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या जुन्याच दोन खोल्यांत एकट्या राहत. यजमान केव्हाच गेले होते, लेक दूरच्या शहरात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्यांच्याकडे जाई, एकटीच. दोघी मिळून खोल्या आवरायचो आणि वॉर्डातल्या गप्पा मारायचो. शेवटची दोन वर्षं मात्र आवरत मी एकटीच होते. सिंकमध्ये जळकी पातेली निघत. औषधाच्या गोळ्या साखरेच्या डब्यात सापडत. एकदा फ्रिजमध्ये इस्त्री होती. मी पातेली घासून जागेवर ठेवी, गोळ्या वेचून काढी, आणि कुणाला काही बोलत नसे. बाहेरच्या माणसानं दुसऱ्याच्या घरात जे पाहिलं ते पोटात ठेवायचं, हा आमच्या कामाचा नियम. मी तो पाळते आहे, असं मला वाटत होतं.

त्या वर्षी एका रविवारी माझ्या पाठीत उसण भरली. उठता येईना. म्हणून सोमवारी सून आणि तोफ गेल्या. आणि सुनेनं सवयीप्रमाणे फोन काढला.

तिनं विचारलं होतं. ते तिनं मला नंतर रडत रडत दहादा सांगितलं. “सिस्टर, फोटो काढू का?” सिस्टर म्हणाल्या, “काढ की.” आणि केस सारखे करून दारात उभ्या राहिल्या. सुनेनं त्यांचाही एक काढला. मग ओट्याचे काढले, सिंकचे काढले, साखरेच्या डब्याचा काढला. संध्याकाळी ‘आधी’ आणि ‘नंतर’ लावून त्यांचा व्हिडिओ नेटवर टाकला. नाव नाही, चेहरा नाही. एवढी काळजी ती घेत असे.

पण ओट्यामागे निळ्या माशांच्या टाइल्स होत्या. सिस्टरांच्या यजमानांनी त्या स्वतः बसवल्या होत्या आणि त्यातला एक मासा उलटा बसला होता. त्या उलट्या माशाकडे बघत बघत जेवूनच लेक मोठी झालेली. चौथ्या दिवशी तो फिरत फिरत तिच्या फोनवर पोचला. खाली कुणीतरी हसून लिहिलं होतं, ‘इथे माणसं राहतात की डुकरं?’

सिस्टरांचा मला फोन आला. रागावल्या नव्हत्या, तेच मला जड गेलं. “लेक शनिवारी येतेय,” म्हणाल्या. “म्हणते, तू आता एकटी राहायचं नाहीस. सामान बांधून ठेव.”

मी सुनेवर तुटून पडले. “त्या घरात जे दिसलं ते त्या घरात ठेवायचं होतं!”

सुनेनं व्हिडिओ तेव्हाच काढून टाकला. मग डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, “मला पहिल्यांदा दिसलं, आई. तुम्हाला दोन वर्षं दिसत होतं ना? मला नाही, पण त्यांच्या मुलीला तरी सांगायचंत.”

मी म्हटलं, “भाजी करपेल, बघ जा.”

दुसऱ्या दिवशी सिस्टरांचा पुन्हा फोन. “तुझ्या सुनेला घेऊन ये. फोनसकट. माझं ‘आधी’ सगळ्या जगानं पाहिलं. आता माझं ‘नंतर’ काढा. मी माझं घर कसं चालवते ते लेकीला दिसू दे. मग बघू कोण सामान बांधतं.”

आम्ही गेलो. सिस्टर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तयार होत्या. सून फोन धरून उभी राहिली तर तिलाच म्हणाल्या, “पाठीत वाकू नकोस. चाळिशीत रडशील.”

पलंग त्यांनी घातला. काय सांगू! ब्याऐंशी वर्षांचे हात, पण चादर हवेत उडाली आणि एकाच वेळी सगळीकडे बसली. चारही कोपरे सुरीनं कापल्यासारखे. तोंडानं समजावून सांगत होत्या, “घाई नाही, पण थांबायचंही नाही.” सून एकेका कोपऱ्याजवळ फोन नेत होती.

मग चहा. भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला आणि सुनेकडे वळल्या. “तुझा नवरा जन्मला तेव्हाची गोष्ट माहीत आहे तुला? सकाळचे सव्वासात. ही बया काय म्हणाली असेल मला? म्हणाली, सिस्टर, माझी ड्यूटी आठला आहे, तोवर होईल ना?”

सून हसली, मीही हसले. सिस्टर खिडकीशी जाऊन सांगत राहिल्या. बाळ रडत नव्हतं, त्यांनी पायाला धरून कसा फटका दिला, मी कशी त्यांनाच ओरडले, ‘माझ्या पोराला मारू नका!’ एकेक शब्द बरोबर. वॉर्डाच्या खिडकीबाहेरच्या झाडावर कुठला पक्षी होता तेही आठवत होतं. इकडे पाणी उकळलं, आटलं, संपलं. भांडं तडतडू लागलं. मी बाजूनं हात पुढे केला आणि गॅस बंद केला.

सिस्टर परत ओट्याशी आल्या. भांड्याकडे पाहिलं. कपाळावर एक आठी आली आणि गेली. प्रसन्न हसून म्हणाल्या, “चहा घेतलात ना तुम्ही दोघी? आवडला?”

“घेतला, सिस्टर,” मी म्हटलं. “छान झाला होता.”

सुनेचा हात खाली आला तेव्हा मला कळलं, फोन चालूच होता.

व्हॅनमध्ये तिनं सगळं माझ्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, “त्यात काय? खिडकीपासून पुढचं काप. पलंग ठेव, माझी गोष्ट ठेव. एवढ्यावर कुठली लेक आईला घराबाहेर काढेल?”

“कापायला एक मिनिट लागेल,” सून म्हणाली. “आई, कापू?”

माझ्या जिभेवर ‘काप’ आलं होतं. सिस्टरांना तेच हवं होतं. मलाही तेच हवं होतं, दर महिन्याचा तो पहिला सोमवार मला सोडायचा नव्हता. पण फोनच्या काचेवर एक सुरकुतलेला हात येत होता आणि गॅस बंद करून निघून जात होता. दोन वर्षं मी दुसरं काय केलं होतं? जळकी पातेली घासून ठेवत होते. कापतच होते. तीस दिवसांतले एकोणतीस दिवस त्या गॅसजवळ माझा हात नव्हता.

“गाडी फिरव,” मी मुलाला म्हटलं.

सिस्टरांना खुर्चीत बसवून मी फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून त्यांनी सगळं पाहिलं. एखाद्या रोग्याचा तक्ता वाचावा तसं, चेहरा न हलवता. मग सुनेला म्हणाल्या, “मागे घे. तिथे. हा हात कुणाचा?”

“माझा,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली, सिस्टर.”

त्यांनी चष्मा काढला, घडी घालून मांडीवर ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

“वॉर्डात असतीस तर तुला त्याच दिवशी कामावरून काढली असती,” त्या म्हणाल्या.

“हो, सिस्टर.”

“रडू नकोस. नाक पूस.” मग सुनेकडे वळल्या. “पाठव लेकीला. सगळं पाठव, अधलंमधलं काही काढू नकोस. पलंगही जाऊ दे आणि भांडंही. काय करायचं ते मग ती आणि मी ठरवू. सामान बांधून ठेव म्हणून मला कुणी सांगायचं नाही.”

लेक शनिवारी आली ती भांडायला आली नाही. दोघी मायलेकी दोन दिवस घरात बसून होत्या. सोमवारी सिस्टर लेकीबरोबर निघाल्या. जिना स्वतः उतरल्या, कठडा धरून, मला हात लावू दिला नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, “वरच्या खिडकीची कडी नीट लागत नाही. ज्यांना घर द्याल त्यांना सांगा.”

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. तोफ गुडघ्यांपायी काम सोडून बहिणीकडे राहायला गेली. फोन करते तेव्हा मी तो कानापासून हातभर लांब धरते. मुलाची व्हॅन भंगारात गेली, त्यानं दोन नव्या घेतल्या. सुनेच्या हाताखाली आज अकरा माणसं आहेत. फोटो टाकण्याआधी ती घरमालकाला एकेक दाखवते, मगच टाकते. पंखे आणि शेगड्या दाखवते. कुणाचे डबे, कुणाचे पलंग दाखवत नाही. त्यामुळे पाहणारे कमी झाले म्हणते, पण बोलावणारे कमी झाले नाहीत. मी घरीच असते. लेकीनं आईला चार वर्षं स्वतःजवळ ठेवलं, आणि मग सिस्टर गेल्या, झोपेत.

त्याआधी एकदा मी आणि सून त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांनी मला ओळखलं नाही. ‘बसा’ म्हणाल्या, नवख्या माणसाला म्हणावं तसं. लेकीला वाईट वाटलं. ती माझं नाव सांगू लागली, वॉर्डाचं सांगू लागली. सिस्टरांचं लक्ष नव्हतं. त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला, मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजू लागल्या. ओठ हलत होते. एक मिनिट झालं, दुसरं झालं, तरी मोजतच होत्या.

मी हलले नाही. दाराशी उभ्या सुनेनं सवयीनं फोन वर केला होता. तो तिनं हळूच खाली घेतला आणि पर्समध्ये ठेवून दिला.